बाईंची चौकट

“फक्त अंगठा ठेवायचा, बाई. काही लक्षात ठेवायला नको,” तो तिसऱ्यांदा म्हणाला.

“तेच तर नकोय मला,” बाई म्हणाल्या.

ग्रंथालयाच्या ॲपमधून पासवर्ड काढून टाकायचं काम त्याने एकहाती ओढलं होतं, फोनवरचंही आणि सर्व्हरवरचंही. सगळे सभासद अंगठ्यावर आले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते म्हणजे या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या एका खात्यापायी सर्व्हरचं जुनं दार बंद करता येत नव्हतं, म्हणून साहेबांनी त्याला थेट त्यांच्या घरी पिटाळलं होतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हल्ली विसरायला होतं रे. परवा किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. मुलगी म्हणते, माझ्याकडे ये राहायला. मी तिला सांगितलंय, रोज सकाळी पासवर्ड आठवतोय तोवर मी माझ्या घरात. नाही आठवला, तर मीच फोन करीन तुला.”

‘काही लक्षात ठेवायला नको’ हे वाक्य त्याचंच, ॲपवर ठळक अक्षरांत झळकणारं. आज त्याला त्याची लाज वाटली.

शेवटी त्याने बाईंचा अंगठा नोंदवला आणि दोन दिवसांनी त्यांच्या फोनपुरती एक चौकट करून दिली. ती कुठलंच दार उघडत नव्हती. जुना पासवर्ड लिहिला की ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगायची. चालतेय ना हे कळावं म्हणून, बाईंना विचारून, त्याने उत्तराची नोंद स्वतःकडे घेतली. रोज आठच्या सुमारास एक ‘बरोबर’ यायचं, मगच त्याचं कामात लक्ष लागायचं.

वर्षभर असंच चाललं. मग एका सकाळी आलं, ‘चूक’. पुन्हा ‘चूक’. असं पाच वेळा. एक ओळ बदलली असती, तर बाईंनी काहीही लिहिलं तरी चौकट ‘बरोबर’ म्हणाली असती. ती ओळ त्याने लिहिलीसुद्धा. बदल पाठवायच्या बटणावर बोट ठेवून तो बसला होता, तेवढ्यात फोन वाजला.

“काय रे, चौकट बिघडली नाही ना?”

त्याने बटणावरचं बोट उचललं. “नाही, बाई. चौकट ठीक आहे.”

“मग झालं तर. मुलीला फोन करते.”

त्याने ती ओळ पुसली. दुपारी सर्व्हरवर बाईंची नोंद आली. अंगठा लावून त्यांनी घरातली तिन्ही पुस्तकं परत न्यायला सांगितली होती. मुदत संपायला अजून आठ दिवस होते.