दोन बोटांचा आधार

मनस्वी नववीत होती आणि तिचं वजन बहात्तर किलो होतं. हा आकडा गुप्त राहणं शक्यच नव्हतं. तिचे वडील जगनशेठ यांचं कळंबोलीला लोखंडाचं गोदाम होतं, तिथे ट्रक तोलायचा काटा होता, आणि घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी त्यावर उभं राहून आलेलं होतं. ट्रकचा काटा दहा-दहा किलोंच्या पायरीने मोजतो, त्यामुळे त्याने सत्तर दाखवले. उरलेले दोन किलो अवधूत सरांनी शाळेत शोधून काढले.

अवधूत सर क्रीडाशिक्षक. त्यांना मूल दिसायच्या आधी खेळ दिसायचा. उंच मूल म्हणजे व्हॉलीबॉल, काटकुळं म्हणजे लांब पल्ल्याची धाव, आणि मनस्वी म्हणजे गोळाफेक. मनस्वीला मात्र बारवर चढायचं होतं. बारला लोंबकळायचं, पोट बारला आणायचं, पाय वरून पलीकडे टाकायचे आणि गिरकी घेऊन ताठ हातांवर बारच्या वर यायचं. बारक्या पोरी हे पापड उलटावा तसं करतात.

"तीन आठवड्यांनी शाळेची निवड चाचणी आहे," अवधूत सर म्हणाले. "एकटी वर चढलीस तर जिम्नॅस्टिक्स. नाही तर सोमवारपासून गोळा. तो मी बाजूला काढूनच ठेवलाय."

जिम्नॅस्टिक्स शिकवायच्या वसुंधराबाई. बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये त्यांचा वर्ग चाले. बाई एक्कावन्न वर्षांच्या, सेहेचाळीस किलोंच्या, आणि तीस वर्षं पोरी झेलून त्यांचा उजवा खांदा निवृत्त झालेला. भरल्या कळशीपेक्षा जड काही उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. वर्गातल्या सगळ्यात बारक्या तूबाला त्या अजून डाव्या हाताने फिरवत. मनस्वीला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुला मी झेलायला गेले तर दोघी पडू, आणि खाली मी असेन. माझी फक्त दोन बोटं तुझ्या कमरेला लागतील, ती दिशा सांगायला. बाकी तुझं तू."

मनस्वीने मान डोलावली, बारला लोंबकळली, आणि बार मधोमध वाकला.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. जगनशेठनी लेकीचा पडलेला चेहरा पाहिला आणि लोखंडवाला बाप जे करेल तेच केलं. दुसऱ्या दिवशी शेडसमोर टेम्पो उभा राहिला आणि चार हमालांनी एक नवाकोरा पाईप उतरवून खांबांमध्ये बसवला. सी क्लास, म्हणजे सगळ्यात जाड पत्र्याचा, तीन इंची.

"आता हत्ती लटकला तरी हलायचा नाय," जगनशेठ म्हणाले, आणि लगेच लेकीकडे बघून, "म्हंजे तसं नाय गं."

पाईप खरंच हलला नाही. फक्त कोणाच्या हातात मावेना. तूबाने दोन्ही तळवे लावून पाहिले. ती खांबाला मिठी मारल्यासारखी दिसत होती. नातीला रोज घेऊन येणाऱ्या तूबाच्या आजी, हव्वाबी, कोपऱ्यात क्रोशाची जाळी विणत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माशाल्ला, मजबूत आहे. पण जगनशेठ, ह्याच्यावर झेंडा लावा. पोरी नको."

"चाची, माल एक नंबर हाय!"

"मालाला कोण नाव ठेवतंय? हात अल्लाने ह्या मापाचे दिलेले नाहीत, एवढंच."

लोखंडाच्या बाजारात वीस वर्षं काढलेला माणूस पोरीच्या मुठीचं माप घ्यायला विसरला होता. ते स्वतः मनस्वीला गोदामात घेऊन गेले, वेगवेगळे पाईप धरायला लावले आणि चार सेंटिमीटर जाडीचा भरीव बार कापून आणला. तो बसवताना मात्र ते जातीने थांबले, आणि म्हणून त्यांनी लेकीचा सराव पहिल्यांदा पाहिला.

बाईंनी बारच्या पुढे एक रुंद फळी तिरकी टेकवली होती. मनस्वीने बार धरून फळीवरून पावलं वर चढवायची, म्हणजे पायांचं वजन निम्मं फळी उचलणार. ती चढत होती छान. पण शेवटच्या पावलाला हात सैल सोडायची, पोट बारपासून लांब जायचं, आणि ती गाद्यांवर उताणी.

"पोट लाव!" बाई ओरडल्या. तोवर ती पडली होती.

"पोट लाव!" पुन्हा पडली.

जगनशेठना राहवेना. "बाई, तुमी हिला पकडत का नाय?"

"दोन बोटं लावतेय की."

"दोन बोटांनी काय होतंय?"

"तीन लावली तर ती माझ्या भरवशावर राहील."

जगनशेठनी आणखी दोन वेळा पाहिलं. मग डोकं खाजवलं. "बाई, राग मानू नका. पण तुमचा आवाज उशिरा येतोय. गाडी ठोकल्यावर 'बस' ओरडून काय उपेग? गाडी मागे घेताना ड्रायव्हरला काय दिसतंय? कायपण नाय. तो मागच्या माणसाच्या आवाजावर घेतो. आवाज तुटला की त्याचा पाय ब्रेकवर. मंग आवाज तोडायचाच नाय."

"म्हणजे?"

जगनशेठ बारच्या बाजूला उभे राहिले, एक हात उंच केला, आणि कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमधला आवाज शेडमध्ये घुमला. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

"पप्पा, शी! मी काय ट्रक आहे का?"

"ट्रकला कुठं सांगतो मी? ड्रायव्हरला सांगतो. चल, घे! येऊ दे, येऊ दे..."

मनस्वी रागाने चढली. आवाज तुटेना, म्हणून तिला हातही सोडता येईनात. पोट बारला टेकलं, पाय पलीकडे पडले आणि ती वर आली.

"बस!" म्हणत जगनशेठनी बारच्या खांबावर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मारतात तशी थाप मारली.

वसुंधराबाईंनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. मग वही काढली आणि 'येऊ दे' किती वेळा म्हटलं ते लिहून घेतलं. सात वेळा.

पुढचे दोन आठवडे फळी रोज दोन बोटं खाली गेली. 'येऊ दे' बाई म्हणायच्या, कधी तूबा म्हणायची, एकदा सुई न थांबवता हव्वाबीही म्हणाल्या. चाचणीच्या आदल्या दिवशी फळी भिंतीला टेकून उभी होती आणि बाईंची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

शाळेकडे बार नव्हता, म्हणून चाचणी शेडमध्येच झाली. अवधूत सर बाहेरून एक परीक्षकबाई घेऊन आले. सोबत गोळाही होता, पिशवीत. परीक्षकबाईंनी नियम सांगितला: प्रशिक्षकाने हात लावायचा नाही आणि बोलायचंही नाही. पालकांनी तर नाहीच.

हे कोणी गृहीतच धरलं नव्हतं.

जगनशेठनी रुमाल काढून तोंडावर धरला. वसुंधराबाई दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मनस्वीने हातांना खडूची पूड लावली, बार धरला आणि बापाकडे पाहिलं. बापाने रुमाल आणखी दाबला. तिने बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या.

मग शेडमध्ये एक घोगरा, दम लागलेला, मुलीचा आवाज आला. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

पाय उचलले गेले. पोट आलं. "येऊ दे, येऊ दे..." क्षणभर ती बारवर दुमडून तशीच राहिली, ना इकडची ना तिकडची, आणि हव्वाबींची सुई थांबली. "येऊ दे... येऊ दे..." पाय पलीकडे गेले. ताठ हातांवर मनस्वी वर आली.

"बस," ती म्हणाली.

परीक्षकबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. प्रशिक्षकाने बोलू नये असं त्यात होतं. खेळाडूने स्वतःशी बोलू नये असं कुठे सापडेना. त्यांनी शेवटचं पानही पाहिलं, तिथे छापखान्याचा पत्ता होता.

"नियमात बसतंय," त्या म्हणाल्या.

अवधूत सरांनी गोळाफेकीच्या यादीतलं पहिलं नाव खोडलं. ते शेवटचंही होतं. पिशवी उचलत ते जगनशेठना म्हणाले, "तुमच्या गोदामात असले जाड पाईप रोज कोण उचलतं हो? त्यांच्यातलं कोणी शाळेत शिकतंय का अजून? गोळ्याला माणूस हवाय."

"मनस्वी, उतर आता," वसुंधराबाई म्हणाल्या.

"थांबा ना बाई," वरून मनस्वी म्हणाली. तिथून सगळी शेड दिसत होती, तूबाचा भांग दिसत होता, आणि अवधूत सरांना मधोमध टक्कल पडतंय हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.