तीर्थाला पाणी म्हणत नाहीत

मित्रांनो, मी एक जुना गोल निवडुंग. गंगेकाठच्या बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, एका गच्चीवर कुंडीत बसलेला. रंगाने हिरवा, स्वभावाने तिरसट. वर्षाला पेरभरही वाढत नाही, म्हणून माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही. मला ते बरंच वाटतं.

१९९१ साली संपदाने मला रामनगरच्या एका रोपवाल्याकडून नावेतून आणलं. ती शाळेत शिकवायची आणि ढुंढिराजकाकांकडे राहायची. तिसऱ्या वर्षी माझ्या कुशीला पहिलं पिल्लू फुटलं, तेव्हा ती गच्चीभर नाचली. ते लिंबाएवढं झाल्यावर तिने ब्लेड पुसून ते अलगद कापलं आणि सावलीत वाळूवर ठेवलं.

"काका, जखम सुकू द्या. याला पाणी बिलकुल नको," तिने बजावलं.

"बरं बेटा," काका म्हणाले.

काका फार मायाळू. रोज गंगास्नान करून भरला तांब्या घेऊन वर यायचे. तुळशीला घालून उरलेली धार त्या पिल्लावर सोडायचे. पाचव्या दिवशी पिल्लू काळं पडलं. पुढच्या दोघांचीही तीच गत झाली. संपदा बिचारी वाळू बदलत राहिली. मला सारं दिसत होतं, पण अंगभर काटे असून उपयोग काय, तोंड नव्हतं.

गेल्या वर्षी ती लग्न होऊन जबलपूरला गेली. तेव्हापासून ती धार माझ्या वाट्याला येते. मला आता चौथं पिल्लू आहे, बहुधा शेवटचंच. संपदाचं पत्र आलं, 'दिवाळीनंतर येऊन पिल्लू नेते. तोवर पाणी घालू नका.' काकांनी ते शेजारच्या इंदूताईंना वाचून दाखवलं.

"मग रोज घालता ते काय?" ताईंनी विचारलं.

"ते कुठलं पाणी? ते तर गंगाजीचं तीर्थ!"

काका खरोखर चकित झाले होते. ते खोटं बोलत नाहीत, याचीच मला भीती वाटते.

मित्रांनो, मी वरून हिरवागार दिसतो, पण माझा बुंधा मऊ पडला आहे. ती कुज रोज थोडी वर सरकते. पिल्लू अजून टणक आहे. वेळेवर कापून कोरडं ठेवलं, तर ते जगेल. तुम्ही कुणाला वाढवणार असाल, तर आधी त्याची तहान ओळखा. आपल्या मायेने ती मोजू नका.

संपदाची गाडी परवा येते. आज कार्तिकी पौर्णिमा आहे. जिन्यात काकांच्या ओल्या पावलांचा आवाज येतो आहे, आणि आज त्यांनी तांब्याऐवजी कळशी भरून आणली आहे.