दोन्ही बाजूंचा वकील

आमच्या कुत्र्याचं नाव वकील. पिल्लू असताना कुणी काही बोललं की लगेच भुंकून उत्तर द्यायचा, म्हणून बाबांनी ते ठेवलं. पुढे त्याला खरोखरच वकिली करावी लागली, आणि तीही दोन्ही बाजूंची.

चार वर्षांपूर्वी आई-बाबा एकमेकांशी बोलायचे थांबले. कारण शिलाई मशीन. आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. गुडघे धरायला लागल्यावर तिने काम कमी केलं आणि मशीनवर चादर पडली. बाबा त्याच सुमाराला छापखान्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना घरात जिकडे तिकडे अडगळ दिसायला लागली होती. एक दिवस आई बाहेर गेलेली असताना त्यांनी ते मशीन एका गरजू बाईला देऊन टाकलं. आई म्हणाली, मला विचारायचं तरी. बाबा म्हणाले, त्यात विचारण्यासारखं काय आहे. एवढंच. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. झालं असतं तर निदान मिटलं तरी असतं.

पण न बोलता घर चालत नाही. मग मधे वकील आला. ‘तुझ्या आईला सांग, नळ गळतोय.’ ‘बाबांना सांग, सकाळची गोळी राहिलीय.’ दोघं एकाच खोलीत, चार हातांवर, आणि वकील दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत मधे बसलेला. या हिशेबाने तो माझा धाकटा भाऊ झाला, पण त्याला माझ्यापेक्षा जास्त भाव होता. सुरुवातीला मी समजूत घालून पाहिली. मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला.

गेल्या वर्षी वकील मान झटकायला लागला. लांब लोंबते कान फडाफड वाजवत तो जोरजोरात डोकं हलवायचा. बाबा त्याला सांगायचे, ‘तुझ्या आईला सांग, एवढा पंखा लागत नाही,’ की हा मान झटकायचा. आई लगेच म्हणायची, बघ, त्यालाही पटत नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या निरोपावर तो मान झटकायचा आणि बाबा खूश व्हायचे. दोघांनी आपापल्या सोयीचे नकार लक्षात ठेवले. कुत्रा शहाणा आहे, असं आई मला एकटीला गाठून सांगायची. त्याला माणसं कळतात, असं बाबा सांगायचे. मी हा किस्सा कामाच्या ठिकाणी रंगवून सांगितला आणि लोकांना पोट धरून हसवलं.

माझं काम काय, तेही सांगायला हवं. मी श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. म्हाताऱ्यांना घेऊन येणारी मुलं मला हमखास सांगतात की हे मुद्दाम ऐकत नाहीत. मी रोज दहा वेळा तरी त्यांना समजावते की मुद्दाम कुणी बहिरं होत नाही.

आणि वकील हाकेला येईनासा झाला, तेव्हा मीच म्हणाले की लाडाने बिघडलाय.

बाबांना वाटलं, आईने त्याला फितवलं. आईला वाटलं, बाबा त्याच्यावर खेकसले असणार, म्हणून तो रुसलाय. दोघंही त्याच्यावर थोडे नाराज झाले, पण खरं तर ते एकमेकांवर नाराज होते आणि तो फक्त मधे होता.

मग एका सोमवारी फाटक उघडं राहिलं. वकील रस्त्यावर गेला. बाबा मागून घसा फुटेस्तोवर ओरडत होते. त्याने वळूनही पाहिलं नाही. सामान पोचवणारी एक गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबली. बाबा त्याला उचलून घरी आले. घाबरल्यावर बाबा चिडतात. त्यांच्या एका मित्राची गावाबाहेर रोपवाटिका आहे, भोवती कुंपण आहे. वकील आता तिथेच राहील, असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवलं तेही आईला न विचारताच.

निरोप अर्थातच वकिलाकडे गेला. “तुझ्या आईला सांग, रविवारी तुला सोडायला जातोय.”

आई हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, “बाबांना सांग, तू कुठंही जाणार नाहीस.”

वकिलाने मान झटकली. तो नकार कुणाचा, हे या वेळी कुणीच म्हणालं नाही.

आठवडाभर आई त्याची गादी उन्हात टाकत होती आणि परत आणून ठेवत होती. शुक्रवारी तिने मला विचारलं, तू सांगशील का बाबांना. मी म्हटलं, तूच सांग. ती गादी उचलून आत गेली. कुत्रा गेला तरी चालेल पण तोंड उघडायचं नाही, इथवर गोष्ट आली होती. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. बाबांची येत नव्हती, कारण ते दारामागे पट्टा आणि त्याच्या खाण्याची ताटली पिशवीत भरून मोकळे झाले होते.

शनिवारी दुपारी माझ्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं आणि फरशीवर ठणठणत गेलं. आतल्या खोलीतून बाबा दचकून बाहेर आले. आई माझ्यावर करवादली. झाकण पडलं तिथून दोन पावलांवर वकील आमच्याकडे पाठ करून झोपला होता. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

मी ते झाकण उचललं आणि त्याच्या मागे पुन्हा मुद्दाम टाकलं. मग डाव्या बाजूला टाळी वाजवली, मग उजव्या. डावीकडे काहीच नाही. उजवीकडच्या चौथ्या टाळीला त्याने डोळे किलकिले केले. मी खाली बसून त्याचा डावा कान उलटला. आत काळपट चिकट घाण साचली होती आणि अशी दुर्गंधी येत होती की मला तोंड फिरवावं लागलं. रोज माणसांच्या कानांत डोकावणारी मी, या कानात वर्षभर पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली.

संध्याकाळी आम्ही तिघं त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, किती दिवस मान झटकतोय. मी म्हटलं, आठ-नऊ महिने. लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारल्यावर बाबा खाली बघत म्हणाले, लक्षात आलं होतं, आम्ही वेगळा अर्थ लावला. कोणता ते बाईंनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

मग त्यांनी विचारलं, आंघोळीनंतर याचे कान कोण कोरडे करतं?

आई-बाबांनी सवयीने वकिलाकडे पाहिलं.

पूर्वी बाबा पाणी घालायचे आणि आई टॉवेल घेऊन उभी असायची. कान तिच्याकडे. अबोला सुरू झाल्यावर बाबा त्याला एकटेच मागच्या अंगणात आंघोळ घालायचे, वरवर पुसायचे आणि आत सोडायचे. कान ती बघेल, असं ते धरून चालले. पाठ कोरडी दिसली की आई धरून चालायची की कानही झाले असतील. चार वर्षं ओले कान त्या लोंबत्या पाळ्यांखाली झाकलेले राहिले.

डाव्या कानाचा पडदा गेलाय, असं बाई म्हणाल्या. उजव्याने कदाचित थोडंफार ऐकू येईल. बाबांनी हळूच विचारलं, मोकळ्या जागेत, रोपवाटिकेत वगैरे ठेवलं तर? बाई म्हणाल्या, ऐकू न येणारा कुत्रा आपल्या माणसांच्या वासावर आणि चेहऱ्यांवर दिवस काढतो, पुढचं तुम्ही ठरवा. मग त्यांनी औषध लिहून दिलं. दिवसातून दोनदा थेंब, तीन आठवडे. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने टाकायचे. एकट्याचं काम नाही.

रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र उघडून बसले आणि मी धरणार नाही, असं आधीच सांगून टाकलं. पिशवी दारामागे तशीच होती. बाबा जमिनीवर बसले आणि त्यांनी वकिलाचं डोकं मांडीवर घेतलं. समोर आई बाटली घेऊन बसली. तिचा गुडघा कटकन वाजला.

मग बाबा वकिलाकडे वाकून म्हणाले, “तुझ्या आईला सांग, डावा आधी.”

आई थांबली. बाटली तिच्या हातात तशीच होती.

“त्याला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “मला सांगा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्यांना तिच्याकडे सरळ बघताना मी पाहिलं नव्हतं.

“नको न्यायला त्याला,” ते म्हणाले. “राहू दे इथंच. तुला काय वाटतं?”

“राहू दे.”

तिने थेंब टाकले. वकील धडपडून सुटला आणि त्याने जोरात मान झटकली. औषध दोघांच्या तोंडावर उडालं. बाबांनी ते पुसलं नाही.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “तो माझ्या बाजूनं मान हलवतो.”

“मलाही तसंच वाटायचं.” आईने त्याला पुन्हा जवळ ओढलं आणि टॉवेलच्या टोकाने त्याचा कान टिपायला लागली. “त्याचा कान दुखत होता.”