रिकामी दिसणारी पेटी

मी एक जुनी वेताची पेटी आहे, मित्रांनो. मांजराची ने-आण करायची. मला वर धरायला मूठ आहे, पुढे जाळीचे दार आहे आणि दाराला पितळेची कडी आहे. या कडीचा मला पूर्वी भारी अभिमान होता. आता तिची आठवण निघाली की मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

ज्या कारागिराने मला विणले, त्याने आमच्या घरातल्या बाबांना विचारले होते, "मांजर बसणार ना? मग कडी बाहेरून लावतो. आतून कितीही धडका दिल्या तरी उघडायची नाही." ती लावायला आणि काढायला माणसाचेच हात लागतात. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

घरात आई, बाबा, धाकटी मुलगी आणि एक मांजर. मांजरीला थट्टेने 'बाईसाहेब' म्हणत, पण तिने ते फारच मनावर घेतले. दूध गार असले की ती वाटीकडे पाठ फिरवून बसायची. पहिल्यांदा मला पाहून तिने शेपटी फुगवली आणि कपाटावर जाऊन बसली. मग धाकटीने माझ्यात आपली जुनी शाल अंथरली, दार उघडे ठेवले आणि रोज तिथेच खाऊ ठेवला. पंधरा दिवसांत बाईसाहेबांनी माझा ताबा घेतला. सहा वर्षे ती माझ्यात झोपली. कुठे काही धाडकन वाजले की ती धूम ठोकायची ती थेट माझ्यात.

मग घर बदलायचे ठरले. सामान बांधण्यात बाबांचा हातखंडा. रिकामी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी कुकरमध्ये चमचे भरले, बादलीत पुस्तके रचली, पिंपात उशा कोंबल्या. "रिकामं काही न्यायचं नाही. टेम्पोतून हवा वाहायची का?" ते म्हणाले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. शाल बाहेर आली. घरातल्या सगळ्या बूट-चपला माझ्यात गेल्या. वरून सुतळीचे चार वेढे.

"बाबा, त्यात बाईसाहेब बसायच्यात!" धाकटी कळवळून म्हणाली.

"अगं, दहा मिनिटांचा तर रस्ता. आई घेईल मांडीवर."

मला दाराजवळ ठेवले. दार सताड उघडे होते, हमालांची ये-जा चालली होती. तेवढ्यात जिन्यात पलंगाची लोखंडी दांडी एकाच्या हातून सुटली आणि खणखणत खाली गेली. बाईसाहेबांनी आईचे हात ओरबाडून उडी मारली आणि धावत आली ती माझ्याकडे. तिने जाळीला नाक लावले. आत बाबांचे बूट होते. तिने दाराला दोनदा पंजा मारला आणि माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मी काय करणार होते? खाली पुन्हा काहीतरी आदळले. ती हमालांच्या पायांतून सुसाट जिना उतरली आणि दिसेनाशी झाली.

त्यांनी गल्ली पालथी घातली. टेम्पोवाल्याने तासभर कळ काढली, मग निघावेच लागले. नव्या घरात माझ्यातून बूट निघाले, पण जेवायला कुणी बसले नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितले, "मांजर जुन्या घराकडेच घुटमळतं. तिची पेटी तिथे नेऊन ठेवा. शाल अजिबात धुऊ नका, वास राहू द्या."

मला जुन्या घराच्या जिन्याखाली ठेवले, शाल पुन्हा आत, दार उघडे. धाकटी रोज शाळा सुटली की यायची, हाका मारायची आणि रडवेली होऊन परत जायची. पाचव्या दिवशी, भर दुपारी, बाईसाहेब आल्या. किती वाळली होती! तिने शाल हुंगली, आत शिरली, अंगाचे मुटकुळे केले आणि झोपली. माझे दार उघडे, कडी बाहेर लोंबत असलेली. जिन्यात चिटपाखरू नव्हते. मला हाक मारता येत नव्हती, दार ओढता येत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला हात हवे होते. तासाभराने वर कुणीतरी दार आपटले आणि ती निघून गेली.

थोड्या वेळाने धाकटी आली. तिने शालीला हात लावला आणि ती ओरडली, "बाबा, शाल अजून गरम आहे!"

बाबा मागेच उभे होते. त्यांनीही हात लावून पाहिला. ते बराच वेळ तो हात मागे घेईनात. मग म्हणाले, "उद्यापासून मी रजा टाकतो."

दोन दिवस ते पायरीवर नुसते बसून राहिले. पिशवी नाही, सुतळी नाही, हाताला काही काम नाही. तिसऱ्या दुपारी ती आली. बाबांकडे पाहत पाहत आत शिरली. तिचे डोळे मिटेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी हळूच दार लोटले. कडी दोनदा हुकली.

कडी बसल्यावर त्यांनी जाळीला कपाळ टेकले. "सगळ्याला जागा केली गं मी," ते म्हणाले, "तुझीच तेवढी भरून टाकली."

मित्रांनो, घर बदलाल तेव्हा आधी मांजराला माझ्यात बसवा, कडी लावा, एका शांत खोलीत ठेवा आणि मगच हमालांना दार उघडा. मी रिकामी दिसले तरी माझ्यात काही भरू नका. माझ्याकडे धावत येणाऱ्याला मला आत घेता आले पाहिजे.