पुढलं वावर

"दाणा घे गं एक, पाखरा,
दुसरा ठेव माझ्या लेकरा,
तिसऱ्याला जा पुढल्या वावरा..."

आईचा आवाज. आई जाऊन किती वर्षं झाली, पण आवाज गेला नाही. ज्वारीची कणसं निसवली की आक्काच्या कानात तो आपला आपण उगवतो.

आई माळ्यावर उभी असायची. चार बांबू, वर फळ्या, फळ्यांवर आई. खांद्यावर गोफण, पण ती नुसती शोभेला. गळा एवढा होता की दगडाला कामच उरायचं नाही. शेवटच्या 'वावरा'तला 'रा' ती असा लांबवायची की चिमण्यांचा थवा त्या 'रा'वरच बसून उडून गेल्यासारखा वाटावा. थवा शेजारच्या शेतावर उतरला की तिकडच्या माळ्यावरून तीच हाक यायची, दुसऱ्या गळ्यातली. मग त्याच्याही पलीकडून तिसरी. खाली सावलीत बसलेली लहानगी आक्का ऐकत राहायची. हाक लहान लहान होत पार आभाळाच्या कडेला टेकायची आणि विरायची. पाखरं खायची, नाही असं नाही. पण सगळ्या शिवारात मिळून खायची. इथं चोचभर, तिथं चोचभर. त्यानं कुणाचं घर बसलं नाही.

आता हाक तीच होती, माळाही तिथंच होता. पुढलं वावर मात्र नव्हतं.

पूर्वेला धाकट्या भावाच्या वाटणीचं अर्धं शेत होतं, तिथं सहा मजली इमारत झाली होती. धाकटा तिच्यातच चौथ्या मजल्यावर राहायचा आणि बापानं जिथं नांगर धरला तिथं गाडी लावायचा. पश्चिमेला नर्सरी, शोभेची झाडं आणि चटईसारखं गुंडाळून विकायचं गवत. उत्तरेला रस्ता आणि टायरवाल्याचं दुकान, दक्षिणेला तारा मारून ठेवलेले प्लॉट. मधोमध आक्काची ज्वारी, भरल्या बाजारात एकटीच डोक्यावर पदर घेतलेल्या बाईसारखी.

आणि म्हणून पंचक्रोशीतली झाडून सगळी पाखरं तिच्याच दारी. जाणार कुठं? बाकीच्यांनी आपापली ताटं केव्हाच उचलली होती. मागच्या वर्षी निम्मं पीक चोचीत गेलं, त्याच्या आदल्या वर्षी निम्म्याला थोडं कमी.

"आक्का, गवत लाव," नर्सरीवाला बांधावर उकिडवा बसून म्हणाला. माणूस गोड, बोलणं त्याहून गोड. "गवताला पाणी लागतं, राखण लागत नाही. गवतावर कधी पोपट बसलेला पाहिलास?"

"नाही. आणि गवताचं पीठ दळलेलंही पाहिलं नाही."

"दळण काय दुकानात मिळतं."

"दुकान कुठून आणतं?"

"ते दुकानानं बघावं ना!"

धाकटा शेजारीच उभा होता. इमारतीच्या कमिटीनं त्याला सेक्रेटरी केल्यापासून तो उभा राहिला तरी मिटिंगला उभा राहिल्यासारखा दिसायचा. "आक्का, तो तुझ्या भल्याचंच सांगतोय," तो म्हणाला. "शेत विकू नकोस, कोण म्हणतंय वीक? पण पाखरांसाठी किती दिवस राबणार? पुढच्या वर्षीचं काय ते एकदा सांगून टाक."

"बघू."

आक्काचं हे 'बघू' साऱ्या ओळखीपाळखीत गाजलेलं होतं. त्या एका शब्दावर तिनं तीन स्थळं परत पाठवली होती आणि चौथं आणायची पुढं कुणाची छाती झाली नव्हती. पण या वेळी धाकटा हटला नाही.

"बघू नाही. बोली करू. आईचं बियाण्याचं मडकं आहे ना? वर्षाचं खाणं काढून उरेल त्यानं यंदा ते काठोकाठ भरलं, तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही भरलं, तर गवत."

आक्कानं शेताकडं पाहिलं. कणसं नुकती पानांच्या पोटरीतून बाहेर पडत होती, ओल्या केसांच्या पोरींसारखी. मागच्या वर्षी मडकं निम्म्यावर राहिलं होतं, हे तिला माहीत होतं आणि धाकट्यालाही.

"नाही भरलं तर गवत," ती म्हणाली. "कबूल."

मग राखण सुरू झाली. गोफण आधीच बाद होती. पूर्वेला काचा, उत्तरेला काचा, दगड कुठंही भिरकावला तरी कुणाच्या तरी काचेला सासुरवास. आक्कानं चमकत्या फिती बांधल्या. वाऱ्यानं त्या लखलखल्या, पाखरं दोन दिवस बिचकली, पण पाचव्या मजल्यावरच्या बाईंच्या डोळ्यांवर तिरीप गेली आणि निरोप आला की फिती काढा. बुजगावण्याला धाकट्याचा जुना शर्ट घातला, तर साळुंक्या येऊन त्याच्या खांद्यावर बसल्या. "सवयीचा माणूस दिसला असेल," नर्सरीवाला म्हणाला आणि धाकटा दिवसभर घुम्यासारखा राहिला. रॉकेलचा रिकामा डबा बडवला, तर तान्ह्या बाळाची आई गॅलरीत येऊन हात जोडून उभी राहिली. बाळाचं आक्कालाही पटलं. डबा गेला.

उरला गळा.

पहाट फुटली की आक्का माळ्यावर चढायची. आईएवढा 'रा' तिला जमत नव्हता, पण आवाज खणखणीत होता. हाक जायची, इमारतीच्या भिंतीवर आपटायची आणि तिच्याच तोंडावर परत यायची. पाखरं उठायची, घिरटी घालायची, पुढं काही नाही म्हणून पुन्हा तिथंच बसायची. चौथ्या मजल्यावर तेवढी एक बाई जागी दिसायची. धाकट्याची बायको, धुणं वाळत घालणारी.

तिला आईनं लग्नानंतर महिनाभरातच 'अबोली' म्हणायला सुरुवात केली होती. बोलायचीच नाही. बोलली तरी समोरच्यानं कान पुढं करावा इतकं हळू. मळणीचा भुसा उडून तिच्या धुण्यावर बसायचा, तेव्हाही एक शब्द नाही. एकेक कस्पट चिमटीनं काढत उभी राहायची. आक्काला वाटायचं, यापेक्षा चार शिव्या बऱ्या. अलीकडं तर ती धुणं हातात धरून ज्वारीकडं टक लावून बघत राहायची. मनात तक्रारीच मोजत असणार, आक्का म्हणायची.

दाण्यात दूध भरलं त्या आठवड्यात धाकटा आला. या वेळी खाली मान घालून.

"आक्का, कमिटीचं म्हणणं आहे, सकाळी आठच्या आधी आरडाओरडा नको."

"बरं. मग पाखरांना सांग, आठनंतर या."

"चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? तुझ्याच गच्चीवर पारव्यांना दाणे टाकतात, पिशव्यांनी विकत आणून. त्या दाण्याला हात जोडतात आणि उभ्या कणसाला आठनंतर बोल म्हणतात."

"माझी अडचण समजून घे. लोक मला विचारतात."

"तू कोणाचा सेक्रेटरी आहेस रे? आईनं तुला या माळ्याखाली झोळीत निजवलंय. तिच्या हाकेनं तू कधी उठला नाहीस. डाराडूर झोपायचास."

धाकट्याला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. "मी सांगायचं ते सांगितलं," म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी आक्का पहाटेच चढली आणि मुद्दाम पूर्वेकडं तोंड करून ओरडली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. खिडक्या धाडधाड लागायच्या. कुणी वरून "ओ बाई" म्हणायचं, ती खालून "ओ" द्यायची आणि पुढची ओळ म्हणायची. ज्वारी तिच्यामागं उभी होती, पिवळी पडत चाललेली, दाणा मऊचा टणक होत चाललेला. आणखी थोडे दिवस. दाणा दगड झाला की चोच हरते. तेवढे दिवस गळ्यानं काढायचे होते.

गळ्यानं काढले नाहीत.

त्या सकाळी ती माळ्यावर उभी राहिली, छाती भरून घेतली आणि तोंडातून नुसता वारा आला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आदल्या दिवसभर करून झाल्या होत्या. तिनं पुन्हा तोंड उघडलं. दोरी तुटलेल्या पोहऱ्यासारखा आवाज खालीच राहिला. आणि पोपट आले. आधी चार, मग आभाळाचा हिरवा तुकडाच खाली उतरल्यासारखे. त्यांच्यामागं चिमण्या. कणसं ओझ्यानं वाकली. आक्का माळ्यावरून उतरली, ओळींमधून धावली, टाळ्या वाजवल्या, पदर हलवला. पुढून उठायची ती मागं बसायची. बांधाला ठेच लागून ती पडली आणि तिथंच बसली. करकर करकर, चहूकडं दाणे फुटत होते. मडकं तिच्या डोळ्यांसमोर रिकामं होत होतं आणि तिला साधं रडायलाही आवाज नव्हता.

तेव्हा वरून हाक आली.

"इकडं नको गं, पाखरा,
इथं नाही दाणा-चारा,
धर पुढला वारा..."

आईची नव्हती ही हाक. चालही वेगळी, शेवटी खाली उतरून पुन्हा वर उसळणारी. पण गळा असा की सहा मजल्यांच्या काचा थरारल्या. आक्कानं वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर अबोली कठड्याला ओठंगून उभी होती. ओली चादर दोन्ही हातांनी फटकारत होती, आणि तिच्या गळ्याच्या शिरा इथून दिसत होत्या.

थवा उठला. पूर्वेकडं गेला, तिकडून हाक आली म्हणून वळला. पश्चिमेला झुकला, परत फिरला, पुन्हा हाक आली. दोन-तीनदा असं झालं आणि मग सगळं हिरवं आभाळ रस्ता ओलांडून लांब कुठंतरी निघून गेलं.

अबोली तशीच खाली आली, ओली चादर खांद्यावर. आक्का बांधावर बसलेलीच होती.

"वन्सं, लागलं का?" पुन्हा तोच हळू आवाज.

आक्कानं बोटानं तिच्या गळ्याकडं खूण केली. हे कुठं होतं इतकी वर्षं?

"माहेरी मी लग्न होईतो माळ्यावरच होते," अबोली म्हणाली. "इथं आले तेव्हा सासूबाई ओरडायच्या. एका शेतात दोन गळे कशाला? मग हे शेतच गेलं." तिनं चादरीचं टोक पिळलं. "वरून तुमची हाक ऐकायचे रोज. ओ द्यावीशी वाटायची. पण गॅलरीतून कुणी हाका मारत नाही, तिकडं नुसतं धुणं वाळत घालतात."

त्यानंतर सकाळी अबोली गॅलरीतून आणि आक्का माळ्यावरून राखण करू लागल्या. आक्काजवळ आवाज नव्हता तोवर तिनं चादर फटकारली. कमिटीनं सेक्रेटरीला जाब विचारला, चौथ्या मजल्यावरून ओरडणारी बाई कोण? सेक्रेटरी म्हणाला, चौकशी करतो.

ज्वारी कापली, कणसं खुडली, मळली, वारवली. भुसा यंदाही धुण्यावर गेला, पण ते धुणं वाळत घालणारी खाली सूप धरून उभी होती. वर्षाचं खाणं पोत्यांत भरून झालं, मग आईचं मडकं ओसरीवर आणलं. धाकटा आला. नर्सरीवालाही आला, गवताचा एक गुंडाळा नमुन्याला काखेत घेऊन.

आक्का ओंजळीनं दाणे ओतत गेली. मडकं पोटापर्यंत भरलं, खांद्यापर्यंत भरलं, गळ्यापर्यंत आलं. मग सूप रिकामं झालं.

नर्सरीवाला खाकरला. "आक्का, गळ्यापर्यंत म्हणजे भरलं धरायचं का..."

"काठोकाठ ठरलं होतं," धाकटा म्हणाला. पण त्याचा आवाज सेक्रेटरीचा नव्हता.

अबोलीनं पदराआडून एक कणीस काढलं. एकच, पण टपोरं, पोरीच्या मुठीएवढं. तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे मडक्यात सोडले. काठाला पुरले.

"हे कुठलं?" धाकट्यानं विचारलं.

"आपल्या गॅलरीतलं. पेरणीच्या दिवसांत कोपऱ्यातल्या कुंडीत पाखरानं दाणा टाकला होता, तो उगवला."

धाकटा तिच्याकडं बघत राहिला. "त्याला मी रोज पाणी घालत होतो. शोभेचं झाड समजून."

नर्सरीवाल्यानं गवताचा गुंडाळा दुसऱ्या काखेत घेतला. "शेतकऱ्याचा पोरगा," तो म्हणाला, आणि आक्काला कितीतरी दिवसांनी पोटातून हसू फुटलं. हसता हसता घशात काहीतरी मोकळं झालं.

धाकटा ओसरीच्या पायरीवर बसला. "बोली तू जिंकलीस. मी तोंड उघडणार नाही म्हणालो होतो, पण एकदाच उघडतो. हरवायचं म्हणून नाही, ऐकायचं म्हणून विचारतो. पुढच्या वर्षीचं काय, आक्का?"

सगळ्यांनी 'बघू'ची वाट पाहिली.

आक्कानं मडक्यावर हात ठेवला. आवाज अजून फाटका होता, पण होता.

"तू दर वर्षी विचारतोस आणि मी दर वर्षी 'बघू' म्हणते. लोकांना वाटतं आक्काच्या पोटात काही आहे. काही नव्हतं रे. माझं मलाच माहीत नसायचं. हाक मारायची आणि भिंतीनं ती तोंडावर फेकायची, त्यावर 'हो' म्हणायचा धीर व्हायचा नाही. आता सांगते, नीट ऐक. पेरणार. पुढच्या वर्षी पेरणार, त्याच्या पुढल्या वर्षी पेरणार. पाखरं यायची तेवढी येऊ देत. आणि तुझ्या कमिटीला सांग, सकाळी आठच्या आधी ओरडणार. दोघी."