कानबाई, कंसात दोन

मी एक फाईल बोलतेय. कागदाची नव्हे, गाण्याची. कालपरवापर्यंत माझं नाव 'कानबाई' आणि पुढे कंसात दोनचा आकडा. हा आकडा मला जन्मापासून नव्हता. तो कसा चिकटला आणि त्यापायी काय झालं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एरंडोलजवळच्या एका खेड्यातला. नागपंचमी होऊन रविवार आला होता, भूपेंद्रच्या घरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसली होती. सगळी भावकी जमलेली, परातीत नैवेद्याच्या रोटाची कणीक. भूपेंद्रची काकू कुंदाबाई हिनं गाणं धरलं आणि भूपेंद्रनं मोबाईल कोनाड्यात उभा करून मला टिपून घेतलं.

या भावकीत गाण्याची एक रीत आहे. चाल ठरलेली, शब्दही ठरलेले. मधे मात्र घरातल्या कर्त्या माणसांची नावं घ्यायची आणि एकेकाच्या दारी कानबाई आली म्हणायचं. ज्याचं नाव येईल त्यानं असेल तिथून ओ द्यायची. त्या दिवशी भूपेंद्रच्या वडिलांचं, झुलालआबांचं नाव आलं. आबा ओट्यावर केळीची पानं पुसत बसले होते. तिथूनच म्हणाले, "आठेच शे मी. म्हना पुढे." इथेच आहे मी, असं आमच्या अहिराणीत. बाया हसल्या. ते हसूही माझ्यात आहे.

त्या दिवाळीनंतर आबा गेले. गेलेल्या माणसाचं नाव गाण्यात घेत नाहीत, त्याच्या जागी मुलाचं येतं. पुन्हा कानबाई बसली तेव्हा कुंदाबाईनं भूपेंद्रचं नाव घेतलं. त्यानं ओ दिली असेल, पण ऐकू काही येत नाही. तेही गाणं त्यानं टिपलं आणि त्यालाही नाव दिलं, 'कानबाई'. या माणसाला नावं सुचतच नाहीत. दोन्ही मुलींची नावंसुद्धा त्याच्या बायकोनं, नूतननं ठेवली. पण आम्ही दोघी वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरात राहायचो, त्यामुळे कधी भांडण झालं नाही.

भूपेंद्रचं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे आणि दुकानात दिवसभर गाणी चालू असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यानं जुना संगणक देऊन लॅपटॉप घेतला. गाणी नव्यात टाकताना अगदी शेवटी वायर हलली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नाव सारखं दिसलं की लॅपटॉप विचारायचा, दोन्ही ठेवू का? भूपेंद्र गिऱ्हाईकाला नाही म्हणत नाही, तर लॅपटॉपला कुठून म्हणणार. सगळी गाणी एकाच फोल्डरात कोंबली गेली आणि प्रत्येकाला जुळं झालं. आम्ही कानबाया तर चार झालो. कंसातला आकडा तेव्हाचा.

जुना संगणक तोवर लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदारानं पुसून कोराही केला होता, आणि मला टिपणारा मोबाईल तर त्याआधीच मोडीत गेला होता.

मग व्हायचं तेच झालं. दुकानात एक भजन संपलं की तेच पुन्हा सुरू. नळ्या न्यायला आलेला प्रेमराज एकदा म्हणाला, "भूपेंद्रभाऊ, हाई गानं आतेच वाजनं ना?" भूपेंद्रला ते लागलं. त्याच्या दुकानात एक नळी जागची हललेली चालत नाही, आणि गाण्यांचा हा पसारा!

सुटीच्या दिवशी तो घरी लॅपटॉप घेऊन साफसफाईला बसला. नाव तेच, मिनिटं जवळपास तेवढीच, सुरुवात ऐकायची, एक ठेवायचं, बाकीची उडवायची. आमची सुरुवात एकच, बायकांच्या टाळ्या आणि कुंदाबाईचं खाकरणं. वरची एक राहिली. ती नेमकी धाकटी, भूपेंद्रच्या नावाची. आम्ही तिघी कचरापेटीत गेलो, त्यात मी आणि माझी जुळी.

कचरापेटीत गर्दी खूप होती, पण काळजी कुणालाच नव्हती. प्रत्येकाचं जोडीदार गाणं बाहेर सुखरूप होतं. आमचं बाहेर कुणी नव्हतं. खरं सांगते, मी घाबरले होते.

"ती पेटी रिकामी करून टाका, उगाच जागा अडते," नूतन म्हणाली. भूपेंद्रनं बाण तिथवर नेलाही. तेवढ्यात त्याची आई ताईबाई सूप घेऊन शेजारी येऊन बसल्या. कानबाई जवळ आली होती, रोटाचे गहू निवडायचे होते.

"भूपा, कानबाई जवळ उनी. ते आबानं गानं लाव ना."

आबांच्या नावाचं गाणं समजून त्यानं राहिलेली फाईल लावली. ताईबाई गहू निवडत ऐकत होत्या. नावं येत गेली, मग आलं भूपेंद्रचं.

"हाई नही," त्या म्हणाल्या. "हाई तर तुनं गानं शे."

"एकच शे ना माय. चाल तीच शे."

"चाल तीच शे. मानूस तोच शे का?"

भूपेंद्रचा चेहरा उतरला. ओट्यावरची ओ त्यालाही आठवली असणार. नूतननंच पुढे होऊन कचरापेटी उघडली आणि एकेक फाईल बाहेर काढून लावायला लागली. पहिली धाकटीचीच जुळी निघाली. दुसरी मी.

टाळ्या, खाकरणं, नावं. झुलाल. आणि ओट्यावरून आबा म्हणाले, "आठेच शे मी. म्हना पुढे."

ताईबाईंचा हात सुपात थांबला. लॅपटॉपकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "म्हनतस ना." आणि पुढची ओळ त्यांनी स्वतःच धरली. भूपेंद्र तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिला, गाणं संपेपर्यंत.

नवं नाव ठेवायचं तर त्याला पुन्हा सुचेना. नूतननं ठेवलं, 'आबा असताना'. कंस गेला. माझी जुळी आता तिच्या मोबाईलमध्ये राहते.

तुम्हीही कधी घर बदलाल, यंत्र बदलाल, सारखं दिसेल ते उडवायला बसाल. जरूर उडवा, पसारा कुणाला आवडतो? फक्त आधी एकदा शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीला आम्ही सगळ्या सारख्याच वाटतो.

मी आठेच शे. म्हना पुढे.