शांतीलालचा सोमवार

कळसाडीचा गोपाल विहिरीत पोहायचा, पण बनियन घालून. बाकीची पोरं उघडी उड्या मारायची, तेव्हा हा काठावर बसून कपडे सांभाळायचा. छाती बायकांसारखी वाढलेली, आणि त्याची लाज शाळेपासून मानगुटीवर बसलेली. लग्न जमलं तेव्हा इतरांनी पेढे वाटले आणि याने गुपचूप दवाखाना गाठला. हळदीला चारचौघांत उघडं बसावं लागणार होतं.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी त्याला चरबी मोजायच्या यंत्रावर उभं केलं. “ऑपरेशन करू. पण आधी अंगावरची चरबी थोडी उतरव, वजन एका जागी ठरू दे.”

गोपालने ऐकलं ते अर्धंच. घरी येताच त्याने उपवासांचा सपाटा लावला, आणि खरं कारण सांगायची लाज म्हणून देवाला पुढे केलं. आई तापीबाई हरखून गेली. घरात सोमवार करणारा एक होताच, तिचा नवरा शांतीलाल; त्याचा सोमवार लग्नाच्याही आधीपासूनचा. आता मुलगाही देवाला लागला म्हटल्यावर तिने गल्लीभर सांगून टाकलं. मग काय, साबुदाणा, तळलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू, केळी यांचा मारा सुरू झाला. उपवासाचं ताट परत कसं पाठवणार? बिचारा देवाच्या नावाने हादडत राहिला. पुढच्या खेपेला यंत्राने आकडा जास्तच दाखवला.

डॉक्टर हसले नाहीत. “छातीच्या बोंडामागे कडक गाठ लागते ना, ती ग्रंथी आहे. ती उपवासाने विरघळत नाही, काढावीच लागते. चरबी उतरायला डाळ-भाकरी खा, चाल, आणि धीर धर.”

त्याने धीर धरला. चरबी उतरली, वजन ठरलं, सोमवारची तारीख मिळाली. त्या दिवशी पहाटेपासून पाण्याचा थेंबही नको, अशी ताकीद होती. “आज मन्हा उपास शे,” एवढंच आईला सांगून तो निघाला.

पण तापीबाईच्या घरातून उपवासाचं माणूस कोरड्या तोंडाने कधी उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं. तिने केळं कुस्करलेलं दूध पुढे धरलं. “पी ले रे, चक्कर ई जाई.”

नको म्हणावं तर ऑपरेशन सांगावं लागणार. गोपालने डोळे मिटून पेला रिकामा केला.

दवाखान्यात नर्सने काही खाल्लं-प्यालं का विचारलं, तेव्हा खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण भुलीत पोटातलं फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी आधीच बजावलेलं. “दूध प्यालो,” तो पुटपुटला. तारीख पुढे गेली. आता लग्नाआधी एकच तारीख उरली होती.

संध्याकाळी तो केळीच्या बागेत तोंड पाडून बसला. शांतीलाल शेजारी येऊन टेकला. “काय व्हयनं रे?”

गोपालने सगळं सांगून टाकलं, आणि मग त्याला रडू आवरलं नाही. शांतीलालने केळीची दोन सुकलेली पानं तोडली. मग त्याने सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या आणि बनियन वर केली. गोपालने जन्मात बापाला उघडं पाहिलं नव्हतं. तशीच छाती.

“तुन्हाइतला व्हतू तवय पोऱ्या हासेत. महादेवले सांगं, सोमवार करसू, पन हाई जाऊ दे.” तो कसनुसा हसला. “गयं नही. मंग सोडाले भ्याव वाटे.”

गोपालने बापाची बनियन हळूच खाली ओढली.

“तुन्हा मायले तुन्हं मी सांगसू,” शांतीलाल गुंड्या लावत म्हणाला. “मन्हं ऱ्हाऊ दे.”

दुसरी तारीख आली तीही सोमवारचीच. त्या सकाळी तापीबाईने चूलच पेटवली नाही. मांजरावर ठेवावी तशी ती गोपालवर नजर ठेवून होती. तो माठाजवळून नुसता गेला, तरी ओरडली, “पानीबी नही!”

भूल उतरली तेव्हा छातीवर घट्ट पट्टा होता. उशाशी आई बसली होती, आणि चांगलीच तापलेली होती.

“तुन्हा बापले काय व्हयनं, काय माहीत! डॉक्टरनी सांगं, पोऱ्या बरा शे, आनि हाऊ तसाच भायेर गया. गाडीवर कचोरी खाई ऱ्हायना. सोमवारना दिन!”

गोपालला हसू आलं, पण पट्टा आवळत होता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“दुखस का रे?” तापीबाई घाबरून म्हणाली.

“नही,” गोपाल म्हणाला. “खाऊ दे त्यासले.”